विश्लेषण : गोचीड पळवणारे औषध खरेच चालते का? चाचणी कशी होते आणि महाराष्ट्राला ती का हवी?

गोचीड मारणे आणि गोचीड दूर ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या आहेत. बाजारात मात्र दोन्हींवर एकच शब्द छापलेला असतो : ‘प्रभावी’. हा शब्द कशावरून ठरतो, याचे हे विश्लेषण.

वांद्रे : ऑनलाइन ‘गोचीड औषध’ असे टाइप केले की फवारे, पावडरी, पाठीवर ओतायची द्रावणे, कॉलर, हर्बल तेले अशी लांबलचक यादी समोर येते. कोणत्या जातीच्या गोचिडावर, कोणत्या जनावरावर, किती तास किंवा किती दिवस परिणाम टिकतो, हे मात्र त्या यादीत शोधावे लागते. गोठ्यात चार संकरित गायी असलेल्या शेतकऱ्यासाठी ही किरकोळ त्रुटी नाही. औषध चालले नाही तर गाय तापाने बसते, दूध आटते आणि पुढच्या वेळी तोच शेतकरी दुप्पट मात्रा फवारतो. सिंधुदुर्गातल्या काजूच्या बागेत बिया गोळा करणाऱ्या माणसासाठी तर प्रश्न स्वतःच्या जिवाचा आहे.

गोचिडांमुळे नुकसान किती?

गोचीड हा कीटक नाही. तो कोळी आणि विंचू यांच्या कुळातला, आठ पायांचा रक्तपिपासू जीव आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. आपल्याकडच्या गायीगुरांवर प्रामुख्याने दोन प्रकार त्रास देतात : ‘रिपिसेफॅलस मायक्रोप्लस’ आणि ‘हायलोमा अ‍ॅनाटोलिकम’. पहिल्या प्रकारची रक्ताने फुगलेली एक मादी जमिनीवर पडून दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणजे आज गायीच्या कासेजवळ दिसणारे दहा गोचीड ही पुढच्या काही आठवड्यांतल्या हजारो पिल्लांची सुरुवात असते.

रक्त शोषले जाते, कातडी खराब होते, पण मोठा फटका बसतो तो त्यांच्यामुळे पसरणाऱ्या आजारांचा : थायलेरिओसिस, बबेसिओसिस आणि अ‍ॅनाप्लाझ्मोसिस. गावात या सगळ्यांना मिळून ‘गोचीड ताप’ म्हणतात. होल्स्टीन, जर्सी यांच्या संकरित गायी याला जास्त बळी पडतात, तर देशी गुरे तुलनेने टिकाव धरतात. गोचीड आणि त्यांच्यामुळे होणारे आजार यांच्या नियंत्रणाचा भारतातील खर्च वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर असल्याचा २००३ मधला अंदाज आजही शास्त्रीय लेखांत उद्धृत केला जातो.

गोचीड आजार पसरवतात हे कळायलाही प्रयोगच करावा लागला होता. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी १८९३ मध्ये गुरांचा ‘टेक्सास ताप’ गोचिडांमार्फत पसरतो हे सिद्ध केले. डासांमार्फत मलेरिया पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी भारतात दाखवून दिले ते त्यानंतर चार वर्षांनी.

मारणारे औषध आणि पळवणारे औषध यांत फरक काय?

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ ही गोचीडनाशके आहेत. ती गोचिडाच्या मज्जासंस्थेवर आघात करून त्याला मारतात. ‘रिपेलंट’ म्हणजे दूर ठेवणारे रसायन. ते गोचिडाला मारेलच असे नाही. तो अंगावर चढू नये, चढला तर चावण्याआधी गळून पडावा, एवढेच त्याचे काम. डासांसाठी आपण अंगाला जे क्रीम लावतो, ते याच वर्गातले. त्यातला सर्वांत जुना आणि प्रसिद्ध घटक म्हणजे ‘डीट’. अमेरिकी लष्कराने तो १९४६ पासून वापरला आणि १९५७ मध्ये तो सामान्य लोकांसाठी खुला झाला. काही रसायने दोन्ही कामे करतात. उदाहरणार्थ, कपड्यांवर फवारलेले पर्मेथ्रिन गोचिडाला हटवते आणि जास्त वेळ संपर्क आला तर मारतेही.

हा फरक पुस्तकी नाही. गायीला रिपेलंट लावले आणि गोचीड तिच्यावर चढला नाही, तर तो जिवंत राहून गवतातच थांबतो. पुढे येणाऱ्या दुसऱ्या जनावरावर किंवा माणसावर तो चढू शकतो. उलट गायीवर गोचीडनाशक असेल तर चढलेला गोचीड तिथेच मरतो आणि कुरणातली संख्या हळूहळू घटते. माणसाच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. चावून मग मेलेला गोचीड माणसाला नको आहे, कारण तोवर विषाणू शरीरात गेलेला असू शकतो. त्याला गोचीड चावायलाच नको आहे. म्हणून ढोबळ नियम असा : गुरांसाठी आधी मारणारे औषध पाहावे, माणसांसाठी आधी पळवणारे.

गोचिडाला आपण सापडतो कसे?

गोचिडाला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तो गवताच्या पात्याच्या किंवा झुडपाच्या टोकाशी जाऊन पुढचे दोन पाय पसरून वाट पाहतो. या पुढच्या पायांवर ‘हॅलर्स ऑर्गन’ नावाचा संवेदक असतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा आणि कातडीचा वास, उष्णता, दमटपणा हे सगळे त्याला तिथून कळते. जनावर घासून गेले की तो चिकटतो. रिपेलंट या संवेदकाच्या कामात अडथळा आणते किंवा नकोसा वास देते.

सगळ्या जनावरांचा वास गोचिडाला सारखाच आवडत नाही. ब्राझीलमधील संशोधकांना बीगल जातीच्या कुत्र्यांवर गोचीड कमी आढळतात, तर कॉकर स्पॅनियलवर जास्त, असे दिसले. बीगलच्या गंधात बेंझाल्डिहाइड आणि २-हेक्झानोन ही दोन संयुगे सापडली आणि ती गोचिडांना दूर ठेवतात असे प्रयोगांत आढळले. नवीन रिपेलंटचा शोध असाही लागू शकतो : ज्या जनावराला गोचीड टाळतात, त्याच्या अंगाचा वास काय सांगतो ते पाहायचे. डांगी, खिल्लार, कोकण कपिला अशा देशी जाती असलेल्या महाराष्ट्रासाठी ही दिशा दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

प्रयोगशाळेत चाचणी कशी करतात?

गोचीडनाशकासाठी दोन चाचण्या जगभर रूढ आहेत. पहिलीत रक्ताने फुगलेल्या माद्या ठरावीक तीव्रतेच्या द्रावणात काही मिनिटे बुडवतात. मग त्या किती जगतात आणि किती वजनाची अंडी घालतात ते मोजतात. दुसरीत औषधात भिजवून वाळवलेल्या फिल्टर पेपरची पुडी करतात, तिच्यात काही आठवडे वयाची पिल्ले बंद करतात आणि २४ तासांनी मेलेली-जिवंत मोजतात. या पुडीच्या चाचणीचा प्रसार संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने केला आहे. फिल्टर पेपर, ठरावीक तापमान आणि दमटपणा राखणारी पेटी आणि सूक्ष्मदर्शक एवढ्यावर ती भागते.

रिपेलंटसाठी मात्र मेलेले गोचीड मोजून उपयोग नाही, त्यांचे वागणे पाहावे लागते. उभ्या काठीच्या किंवा कागदाच्या मधल्या पट्ट्यावर रसायन लावतात. गोचिडाची सवय वर चढण्याची आहे. तो पट्टा ओलांडून वर जातो, मागे फिरतो की खाली पडतो, याची नोंद होते. दुसऱ्या पद्धतीत शरीराच्या तापमानाइतका गरम, फिरता दंडगोल वापरतात, म्हणजे गोचिडाला जनावर जवळून गेल्याचा भास होतो. माणसांसाठीच्या औषधात शेवटी स्वयंसेवकाच्या हातावर, प्रयोगशाळेत वाढवलेले रोगमुक्त गोचीड सोडून पाहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमावलीत औषध लावलेल्या भागात गोचीड तीन सेंटीमीटर आत शिरला, तर ते औषधाचे अपयश धरले जाते. असे अपयश किती तासांनी सुरू होते, तो आकडा म्हणजे ‘संरक्षण काळ’.

‘८० टक्के परिणामकारक’ म्हणजे काय?

समजा, औषध न लावलेल्या काठीवर १०० पैकी ९० गोचीड वर चढले आणि औषध लावलेल्या काठीवर १०० पैकी १८ चढले. ९० मधून १८ वजा केले तर ७२ उरतात आणि ७२ भागिले ९० म्हणजे ८० टक्के. आता दुसरा प्रयोग पाहा. औषध नसलेल्या काठीवर १०० पैकी २० च चढले आणि औषध असलेल्या काठीवर ४. उत्तर पुन्हा ८० टक्केच. पण दुसऱ्या प्रयोगात गोचीड मुळातच सुस्त होते. ते उपाशी नसतील, खोली कोरडी असेल किंवा पिल्ले फार कोवळी असतील. ज्या चाचणीत औषध न लावलेल्या गटाचा आकडा दिलेला नाही, त्या चाचणीच्या टक्केवारीला अर्थ नाही.

गोचीडनाशकांच्या चाचणीतही हाच मुद्दा येतो. औषध न लावलेल्या गटातही काही गोचीड आपोआप मरतात. ते मृत्यू औषधाच्या खात्यावर जाऊ नयेत म्हणून डब्ल्यू. एस. अ‍ॅबट यांनी १९२५ मध्ये सुचवलेले सूत्र आजही वापरले जाते. एवढी काळजी शंभर वर्षांपासून घेतली जाते, तर आजच्या पाकिटावर नुसते ‘प्रभावी’ लिहून भागणार नाही.

प्रयोगशाळेत चाललेले औषध गोठ्यात का चालत नाही?

याची कारणे साधी आहेत. कागद घाम गाळत नाही, गाय गाळते. कागद पावसात भिजत नाही, चिखलात लोळत नाही, अंग चाटत नाही. रिपेलंट बहुतेक वेळा उडून जाणारी रसायने असतात. कोकणातल्या उन्हात आणि दमट हवेत ती प्रयोगशाळेपेक्षा लवकर संपतात. केसाळ कातडीवर सगळीकडे सारखा थर बसत नाही. गोचीड नेमके कानात, शेपटीखाली, कासेभोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला जातात, जिथे फवारा पोहोचत नाही.

त्याहून महत्त्वाचे कारण गोचिडाच्या जीवनक्रमात आहे. मायक्रोप्लस हा ‘एकाच जनावरावर’ वाढणारा गोचीड आहे. पिल्लू एकदा गायीवर चढले की सुमारे तीन आठवडे तिथेच राहते, मोठे होते आणि मग खाली पडते. त्यामुळे रिपेलंटला यश मिळवायचे असेल तर पिल्लू चढण्याच्या क्षणी ते अंगावर असले पाहिजे. आठ तास टिकणारे रिपेलंट म्हणजे रोज चरायला सोडण्याआधी पुन्हा लावणे. दोन-चार गायींच्या गोठ्यात हे खर्चात बसत नाही आणि वेळेतही. हायलोमा किंवा हिमाफायसॅलिस यांसारखे गोचीड आयुष्यात एकाहून अधिक वेळा जनावर बदलतात, त्यामुळे तिथे गणित पुन्हा वेगळे होते. म्हणूनच जगात गुरांसाठी संशोधन चालते ते मुख्यतः कॉलर, कानातले टॅग अशा हळूहळू रसायन सोडणाऱ्या साधनांवर. एका जातीच्या गोचिडावर झालेली चाचणी दुसऱ्या जातीला आपोआप लागू होत नाही, ती यामुळेच.

मारणारी औषधे का निष्प्रभ होत आहेत?

एकाच वर्गातली औषधे वर्षानुवर्षे, कमी-जास्त मात्रेत फवारली की जे थोडे गोचीड वाचतात त्यांचीच पुढची पिढी वाढते. हा अनुभव नवा नाही. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत गुरांना आर्सेनिकच्या हौदातून पोहत नेले जाई. १९३० च्या दशकात तिथल्या गोचिडांना आर्सेनिक पुरेनासे झाले. मग डीडीटी आले, त्याचेही तेच झाले. भारतात गेल्या काही दशकांत सायपरमेथ्रिन-डेल्टामेथ्रिन वर्गाला दाद न देणारे मायक्रोप्लस गोचीड अनेक राज्यांत नोंदवले गेले आहेत. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने यावर सातत्याने काम केले आहे.

इथेच शेतकऱ्याची कोंडी होते. फवारूनही गोचीड पडले नाहीत तर चूक मात्रेची, फवारणीच्या पद्धतीची, बनावट मालाची की गोचिडाच्या प्रतिकारशक्तीची, हे त्याला कळायला मार्ग नाही. मग तो मात्रा वाढवतो किंवा दोन औषधे मिसळतो. बंद गोठ्यात, उघड्या हातांनी, नाकावर फडके न बांधता फवारणी होते. विषबाधेचा धोका माणसालाही आणि जनावरालाही. दुधात अवशेष उतरण्याची शक्यता वेगळीच. पुडीतल्या पिल्लांच्या चाचणीतून २४ तासांत ‘या तालुक्यात हे औषध चालत नाही’ असे कळले असते, तर हे सगळे टळले असते.

सिंधुदुर्गातल्या माकडतापाचा यात संबंध कुठे?

महाराष्ट्रात गोचीड-रिपेलंटचा प्रश्न जीवनमरणाचा आहे तो इथे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना तीव्र तापाने गाठले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने हा विषाणू शोधला. १९५२ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. आजाराचे नाव पडले क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपल्याकडे ‘माकडताप’. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात तो पोहोचला. पुढे बांदा-सावंतवाडी परिसरातही रुग्ण आढळले. या आजारात साधारण १०० पैकी ३ ते ५ रुग्ण दगावतात.

विषाणू मुख्यतः ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ या गोचिडातून पसरतो. त्याची पिल्ले आणि निम्फ जंगलातले उंदीर, पक्षी, माकडे यांच्यावर जगतात. माणसाला चावतो तो बहुधा निम्फ, आकाराने तिळाएवढा. पूर्ण वाढलेले गोचीड गायी-म्हशींवर रक्त पितात. गुरे या विषाणूने आजारी पडत नाहीत, पण गोचिडांची संख्या वाढवण्यात त्यांचा वाटा असतो. निम्फांचा जोर डिसेंबर ते मे या काळात असतो. नेमक्या याच काळात काजूचा हंगाम असतो. पहाटे बागेत शिरून, पाचोळ्यातून बिया वेचणाऱ्या बायाबापड्यांना गोचीड टाळणे म्हणजे काम टाळणे.

माकडतापावर ठोस औषध नाही, लक्षणांनुसार उपचार होतात. कर्नाटकात १९९० पासून दिली जाणारी जुनी लस परिणामकारकता कमी आढळल्याने २०२२ मध्ये थांबवण्यात आली आणि नवीन लशीचे काम सुरू झाले. अशा वेळी हातात उरते रिपेलंट. आधी ‘डीएमपी’ तेल वाटले जाई. नंतर ‘डेपा’ आले. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास संस्थेने ते विकसित केले, कारण डीटसाठी लागणारा कच्चा माल भारतात सहज मिळत नव्हता आणि देशात तयार होणारा स्वस्त पर्याय हवा होता. माकडतापाच्या भागात डेपाचे तेल लोकांना मोफत दिले गेले आहे.

प्रश्न डेपा चांगले की वाईट हा नाही. भारतीय गोचिडांवर रिपेलंट तपासण्याची परंपरा आपल्याकडे आहे. १९८५ मध्येच सहा रिपेलंटांच्या प्रयोगशाळेतील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. प्रश्न आहे तो शेवटच्या टप्प्याचा. काजू वेचणाऱ्या, घामाने भिजलेल्या, दवाने ओल्या पाचोळ्यात अनवाणी फिरणाऱ्या माणसाच्या पायावर ते तेल किती तास टिकते? सकाळी सहाला लावले तर नऊला पुन्हा लावायचे की बाराला? बाटली वाटताना हा एक आकडा सोबत दिला नाही, तर बाटली घरात राहते आणि ताप जंगलातून घरी येतो.

घरगुती उपायांचे काय?

कडुनिंब, करंजाचे तेल, तंबाखूचा काढा, सीताफळाच्या बियांची पूड हे उपाय गावोगावी चालतात. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने प्रसारित केलेल्या पारंपरिक पशुवैद्यक पद्धतींमध्ये लसूण, कडुनिंबाचा पाला आणि निंबोळ्या, वेखंड, हळद, घाणेरीचा पाला आणि तुळस वाटून केलेल्या फवाऱ्याचा समावेश आहे. केनियातील संशोधकांनी १९९२ मध्ये आपल्याकडेही तणासारख्या उगवणाऱ्या पांढऱ्या तिळवणीचा गोचिडांना दूर ठेवण्याचा गुण नोंदवला होता.

म्हणजे झाडपाल्याला हसण्याचे कारण नाही. पण ‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. तंबाखूतील निकोटिन हे विषच आहे. शिवाय पाल्यातल्या घटकाचे प्रमाण जागा, हंगाम आणि झाडाच्या वयानुसार बदलते. या उपायांनाही तोच नियम लावावा जो रसायनांना लावतो : कोणत्या गोचिडावर, किती प्रमाणात, किती वेळ.

मुंबईच्या उपनगरांना याच्याशी काय देणेघेणे?

देवनारचा पशुवधगृह परिसर १९७१ मध्ये सुरू होईपर्यंत शहराचा कत्तलखाना वांद्र्यातच होता. आजही बकरी ईदच्या आधी देवनारला राज्याबाहेरून मोठ्या संख्येने बकरे येतात. आरे दुग्ध वसाहतीत म्हशींचे गोठे आहेत. जनावरे जिथून येतात तिथले गोचीडही सोबत येऊ शकतात. हायलोमा गोचिडांमुळे पसरणारा क्रिमियन-काँगो ताप जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात आढळला. त्या वेळी रुग्णासह उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका यांचाही मृत्यू झाला. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातमधील रुग्णांमुळे शेजारच्या पालघर जिल्ह्यात पशुसंवर्धन विभागाला सतर्कतेचा इशारा द्यावा लागला होता. पालघर म्हणजे बोरिवलीहून लोकलच्या अंतरावर.

आणि कुत्रा पाळणाऱ्या घरांना तर गोचीड ओळखीचेच आहेत. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड घराच्या आतच आपले पूर्ण जीवनचक्र काढू शकतो. इथे एक इशारा आवश्यक आहे. गुरांसाठीचे द्रावण पातळ करून कुत्र्या-मांजरांवर वापरू नये. मांजरांसाठी पर्मेथ्रिन जीवघेणे ठरू शकते.

लेबल तपासण्याची जबाबदारी कोणाची?

जनावरांवर वापरायची गोचीडनाशके पशुवैद्यकीय औषधांत मोडतात, म्हणजे औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू होतो. उत्पादन आणि विक्रीच्या परवान्यांचे काम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे असते, ज्याचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. घरगुती कीटकनाशकांची नोंदणी मात्र कीटकनाशके कायदा, १९६८ नुसार केंद्रीय यंत्रणेकडे होते. गोठ्यातल्या एकाच फळीवर उभ्या असलेल्या दोन बाटल्यांचे कायदे वेगवेगळे असू शकतात. शेतकऱ्याने हे समजून घ्यावे अशी अपेक्षा चुकीची आहे. ते समजून घेऊन साधे उत्तर देणे हे प्रशासनाचे काम आहे.

मग काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट, तालुकानिहाय तपासणी. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी राज्यभर पसरलेली आहेत. परळच्या महाविद्यालयाची स्थापना तर १८८६ ची. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. पुडीच्या चाचणीला कोट्यवधींची यंत्रसामग्री लागत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर आपापल्या भागातले गोचीड गोळा करून, कोणते औषध कुठे चालते याचा नकाशा मोबाइलवर उघडेल अशा पानावर टाकणे शक्य आहे. पावसाचा अंदाज फोनवर बघणाऱ्या शेतकऱ्याला हाही अंदाज तसाच मिळाला पाहिजे.

दुसरी गोष्ट, लेबलवर तीन ओळी सक्तीच्या असाव्यात : कोणत्या जातीच्या गोचिडावर चाचणी झाली, ती कागदावर झाली की जनावरावर आणि परिणाम किती काळ टिकला. ‘मारते’ की ‘दूर ठेवते’, हेही स्पष्ट लिहावे.

तिसरी गोष्ट सिंधुदुर्गासाठी. पुढच्या काजू हंगामाआधी वाटप होणाऱ्या रिपेलंटचा संरक्षण काळ तिथल्याच परिस्थितीत मोजावा आणि बाटलीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावा. सोबत गुरांवरील गोचीडनाशकाची मोहीम त्याच गावांत, त्याच महिन्यांत चालावी. आरोग्य विभागाने तेल वाटायचे आणि पशुसंवर्धन विभागाने वेगळ्या वेळी फवारायचे, यातून गोचिडांना फक्त जागा बदलायला वेळ मिळतो.

तोवर खरेदी करताना काय विचारावे?

औषध मारणारे आहे की पळवणारे, हे आधी विचारा. गेल्या वेळी वापरलेल्या औषधाच्याच वर्गातले तर नाही ना, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. केवळ ब्रँड बदलला म्हणजे औषध बदलले असे होत नाही. फवारणीनंतर किती काळ दूध वापरायचे नाही, हे लेबलवर पाहा. मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नका. फवारताना हातमोजे घाला, तोंड-नाक झाका, गोठ्याची दारे-खिडक्या उघडी ठेवा आणि भिंतींच्या फटीही फवाऱ्यात घ्या, कारण अंडी जनावरावर नसतात, फटीत आणि जमिनीत असतात. गोचीड हाताने चिरडू नका. माकडतापाच्या भागात जंगलातून आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवा, अंग तपासा आणि ताप आला तर गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

औषध तपासणे हा संशोधकांचा छंद नव्हे, ती वापरणाऱ्याला दिलेली हमी आहे. ज्या राज्यात विषाणू संशोधनाची इतकी जुनी संस्था आणि त्याहून जुने पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे काजू वेचणाऱ्या बाईला आपल्या बाटलीतले तेल किती तास टिकते एवढे कळण्याचा हक्क मिळायलाच हवा.